मोमेंट कुठल्या बिंदूभोवती?

एनएसीए ००१२ हा विमानाच्या पंखाचा छेद वरून आणि खालून अगदी सारखा आहे. वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.१५ पट, रेनॉल्ड्स अंक ६० लाख आणि वाऱ्याशी कोन १० अंश, अशा स्थितीत संगणकावर त्याच्याभोवतीचा द्विमितीय प्रवाह सोडवला की लिफ्टचा गुणांक १.०९ येतो आणि ड्रॅगचा ०.०१२३. टर्ब्युलन्स मॉडेलांच्या पडताळणीसाठी नासाने जी उदाहरणे मांडून ठेवली आहेत, त्यांत हे एक आहे आणि हे दोन्ही आकडे तिथल्याशी जुळतात. विद्यार्थी खूश होतो. मग तो मोमेंटचा गुणांक उघडतो, तर समोर ०.२६९. पुस्तकातल्या आलेखात मात्र याच छेदाचा मोमेंट शून्याला चिकटून चाललेला असतो.

इथून पुढे बहुतेक जण मेश बारीक करतात, टर्ब्युलन्स मॉडेल बदलतात, बाहेरची सीमा आणखी लांब नेतात आणि रात्रभर संगणक चालू ठेवतात. सकाळी आकडा तिथेच. तो हलणार नाही, कारण प्रवाहाचे गणित बरोबरच सुटलेले आहे. पुस्तकाने मोमेंट घेतला आहे पंखाच्या नाकापासून पाव अंतरावरच्या बिंदूभोवती, आणि संगणकाने घेतला आहे नाकाभोवती, कारण आखताना नाक शून्य-शून्यवर ठेवले होते आणि मोमेंटचे केंद्र कोणी सांगितलेच नव्हते.

पडद्यामागे काय चालते ते एकदा जवळून पाहू. द्विमितीय सिम्युलेशनमध्ये पंख म्हणजे एक बंद रेषा. मेश तयार झाली की त्या रेषेचे काही शे छोटे सरळ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर हवेचा दाब लंब दिशेने ढकलतो आणि हवेचा चिकटपणा त्याला रेषेच्या दिशेने ओढतो. या सगळ्या बलांची बेरीज केली की लिफ्ट आणि ड्रॅग मिळतात. या बेरजेत कुठला तुकडा कुठे आहे याला महत्त्व नाही. मोमेंटमध्ये मात्र तेच सगळे आहे. केंद्रापासून तुकड्यापर्यंतचे आडवे अंतर गुणिले त्याच्यावरचे उभे बल, त्यातून उभे अंतर गुणिले आडवे बल वजा. असे प्रत्येक तुकड्यासाठी करून बेरीज. केंद्र बदलले की प्रत्येक तुकड्याचे अंतर बदलते आणि बेरीजही बदलते. बाकी दाब, वेग, भोवरे, सगळे जिथल्या तिथे राहते. मोमेंटचे केंद्र प्रवाहाच्या समीकरणांत कुठेच येत नाही; ते फक्त शेवटच्या हिशेबात येते.

याचा मोठा फायदा असा की चूक लक्षात आल्यावर सिम्युलेशन पुन्हा चालवावे लागत नाही. जुन्या केंद्राभोवतीचा मोमेंट आणि एकूण बलाचे दोन घटक हाताशी असले की वहीत उत्तर काढता येते. केंद्र जेवढे आडवे सरकवले ते अंतर गुणिले उभे बल, त्यातून जेवढे उभे सरकवले ते अंतर गुणिले आडवे बल वजा करायचे आणि आलेली संख्या जुन्या मोमेंटमधून काढून टाकायची. वरच्या उदाहरणात पंख आडवा ठेवून वारा १० अंशांनी तिरका सोडला आहे, असे धरू. तेव्हा पंखाला लंब दिशेचे बल सुमारे १.०७६ होते, थोडे लिफ्टमधून आणि किंचित ड्रॅगमधून आलेले. केंद्र नाकापासून शेपटीकडे ०.२५ सरकवायचे. गुणाकार ०.२६९. ०.२६९ मधून ०.२६९ गेले, उरले शून्याच्या जवळपास. आलेखाशी जुळले.

चिन्हाचा घोळ इथेच सोडवून टाकावा. प्रवाह डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पंखाचे नाक डावीकडे असते. कागदातून आपल्याकडे येणारा अक्ष धरला की घड्याळाच्या उलट दिशेचा मोमेंट धन येतो आणि तो नाक खाली ढकलतो. विमानशास्त्रात मात्र नाक वर उचलणारा मोमेंट धन मानतात. म्हणून संगणकाने दिलेला अधिक ०.२६९ पुस्तकाच्या भाषेत उणे ०.२६९ आहे. अक्षाची दिशा उलटी दिली तरी चालते आणि शेवटी उणेने गुणले तरी चालते. दोन्ही केले तर पुन्हा मूळ जागी.

पाव अंतरावरच का, हा प्रश्न रास्त आहे. १९२० च्या दशकात मॅक्स मुंक आणि हर्मान ग्लॉअर्ट यांनी पातळ पंखाचा सिद्धांत उभा केला. पंखाची जाडी विसरून फक्त त्याची मधली वक्ररेषा घेतली, तर कोन वाढल्यामुळे मिळणारी जादा लिफ्ट पंखावर कशी पसरते हे त्यातून नेमके कळते. नाकाशी ती अतिशय एकवटलेली असते आणि शेपटीकडे जाता जाता शून्यावर येते. या असमान पसरलेल्या बलाचा मध्य काढला की तो बरोबर पाव अंतरावर पडतो, मग पंखाचा आकार कसाही असो. म्हणून पाव अंतरावरच्या बिंदूभोवती मोमेंट घेतला तर कोन बदलला तरी तो जवळजवळ बदलत नाही. या बिंदूला वायुगतिकीय केंद्र म्हणतात. खऱ्या, जाड पंखांत तो पावाच्या जरा मागेपुढे असतो. पण जगभरचे आलेख पाव अंतरच धरून काढलेले आहेत आणि एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्रॅमसुद्धा न सांगता तेच धरतो.

या बिंदूची गल्लत दाबकेंद्राशी नेहमी होते. ज्या जागी एकूण बल लागू होते असे मानले की मोमेंट शून्य होतो, ती जागा म्हणजे दाबकेंद्र. ऐकायला तेच केंद्र सोयीचे वाटते, पण ते एका जागी राहत नाही. एनएसीए २४१२ हा किंचित वक्र छेद घ्या. सेसना १७२ या छोट्या विमानाचा पंख याच घराण्यातला. पाव अंतराभोवती त्याचा मोमेंट साधारण उणे ०.०५ असतो. लिफ्टचा गुणांक १ असताना दाबकेंद्र नाकापासून ०.३० वर पडते. लिफ्ट ०.५ झाली की ०.३५ वर. ०.१ झाली की ०.७५ वर. आणि ०.०५ झाली की १.२५ वर, म्हणजे पंख जिथे संपतो त्याच्याही मागे, मोकळ्या हवेत. लिफ्ट शून्य झाली की दाबकेंद्र अनंतावर जाते, कारण बल उरत नाही पण पिळणारा मोमेंट उरतो. राइट बंधूंना १९०१ च्या ग्लायडरवर या सरकत्या बिंदूचा झटका बसला होता. कोन कमी होताना वक्र पंखाचे दाबकेंद्र आधी पुढे सरकते आणि मग एका मर्यादेनंतर मागे पळते, हे त्यांनी पंख पतंगासारखा वाऱ्यात धरून पडताळून पाहिले. असल्या फिरत्या बिंदूभोवती मोमेंट मोजायचा ठरवला, तर उत्तर दर वेळी शून्य येईल आणि हाती काहीच लागणार नाही. केंद्र स्थिर ठेवायचे आणि मोमेंटला बदलू द्यायचे, हीच रीत योग्य.

पाव अंतर हे मात्र पंखाच्या छेदाच्या लांबीचे पाव आहे, ०.२५ हा आकडा नव्हे. प्रयोगशाळेतल्या नमुन्याची जीवा, म्हणजे नाक ते शेपटी अंतर, २० सेंटिमीटर असेल तर केंद्र ०.०५ मीटरवर द्यायचे. सवयीने ०.२५ लिहिले तर केंद्र शेपटीच्या ५ सेंटिमीटर मागे जाते. याच नमुन्यात संदर्भ लांबी आणि संदर्भ क्षेत्रफळही बघावे लागतात. मोमेंटचा गुणांक काढताना गतिक दाब, क्षेत्रफळ आणि लांबी या तिघांनी भागतात. द्विमितीय सिम्युलेशन कागदाच्या आत १ मीटर खोली धरते, म्हणून क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आणि लांबी ०.२ मीटर. यांतली लांबी १ वर राहून गेली तर गुणांक पाचपट लहान दिसतो आणि दोन्ही राहून गेली तर पंचवीसपट. ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये खोली १ मीटरच असेल असे नाही. तिथे द्विमितीय मेश म्हणजे एका पेशीइतकी जाड चकती असते, आणि तिची जाडी १ सेंटिमीटर ठेवली असेल तर क्षेत्रफळही त्या जाडीने गुणलेले द्यावे लागते.

पंखच तिरका केला असेल तर आणखी एक बारीक चूक होते, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते, कारण ती मोठी नसते. समजा वारा आडवा ठेवला आणि पंखाचा छेद नाकाभोवती १० अंशांनी फिरवून नवी मेश काढली. पाव अंतरावरचा बिंदूही पंखाबरोबर फिरला. तो आता आडवा ०.२४६ आणि उभा उणे ०.०४३ वर आहे. सेटिंगमध्ये मात्र ०.२५ आणि शून्य तसेच राहिले. मोमेंटमध्ये फरक पडतो सुमारे ०.००३६. हसण्यावारी न्यावा इतका छोटा. पण सममित पंखाचा पाव अंतराभोवतीचा खरा मोमेंटही याच मापाचा असतो. १५ अंशांना हाच फरक ०.०१२ च्या घरात जातो आणि कोनागणिक वाढत गेल्यामुळे आलेखावर अगदी खऱ्या भौतिक परिणामासारखा दिसतो. जाड पंखामुळे वायुगतिकीय केंद्र सरकले, असा निष्कर्ष काढून कोणी परिच्छेदही लिहून टाकेल. ०.२६९ सारखी ढोबळ चूक निदान ओरडून सांगते. ही गप्प राहते.

केंद्र बरोबर दिले आहे की नाही हे तपासायला वर्तुळासारखी दुसरी चांगली वस्तू नाही. गोल दांड्यावर दाब सगळीकडे लंब दिशेने, म्हणजे थेट मध्याच्या दिशेने लागतो. मध्याभोवती घेतलेला दाबाचा मोमेंट म्हणून शून्य असायलाच हवा, मग मागे भोवरे सुटत असोत वा नसोत. मेशमुळे वर्तुळाचा बहुभुज झाला तरी हे बिघडत नाही, कारण वर्तुळाच्या जीवेच्या मध्यातून काढलेला लंब नेहमी वर्तुळमध्यातून जातो, हे आपण शाळेच्या भूमितीत शिकलो आहोत. उरतो तो फक्त चिकटपणाचा बारीकसा वाटा. फ्लुएंट हे सॉफ्टवेअर दाबाचा आणि चिकटपणाचा मोमेंट वेगवेगळा छापते, ते यासाठी फार उपयोगी पडते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली शेफर आणि तुरेक यांची चाचणी या कामाला घ्यावी. २.२ मीटर लांब आणि ०.४१ मीटर उंच अशा नालीत ०.१ मीटर व्यासाचा दांडा, त्याचा मध्य डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून ०.२ आणि ०.२ वर. शून्य-शून्य आहे नालीच्या कोपऱ्यात. रेनॉल्ड्स अंक २० असताना ड्रॅगचा गुणांक ५.५८ आणि लिफ्टचा ०.०१०६ येतो, हे आकडे प्रवाह-गणितज्ञांना पाठ असतात. केंद्र न बदलता मोमेंट विचारला तर उत्तर येते सुमारे उणे ११.१. हा सगळा आकडा म्हणजे ड्रॅग गुणिले कोपऱ्यापासूनची उंची. दांड्याच्या स्वतःच्या वळण्याशी त्याचा काही संबंध नाही. रेनॉल्ड्स अंक १०० केला की मागे आलटून पालटून भोवरे सुटू लागतात, लिफ्ट अधिक १ आणि उणे १ च्या दरम्यान झुलते, आणि चुकीच्या केंद्राभोवतीचा मोमेंट उणे ६.४ च्या आसपास राहून दोन-दोनने वरखाली होतो. आलेख इतका सुबक येतो की दांडा पिळवटला जातो आहे असेच वाटावे. केंद्र ०.२, ०.२ वर नेले की तो सगळा झोका नाहीसा होतो.

पवनचक्कीच्या बाबतीत केंद्र निवडायचा प्रश्नच येत नाही, कारण शाफ्ट जिथे आहे तिथेच ते हवे. फिनलंडचे सिगुर्ड सावोनियस यांच्या नावाची उभ्या अक्षाची चक्की वरून पाहिली तर दोन अर्धवर्तुळाकार पाती एकमेकांना जोडल्यासारखी दिसते आणि आडवा छेद घेऊन तिचे द्विमितीय सिम्युलेशन अगदी नेहमीचे आहे. तिथे मोमेंटच्या गुणांकाला पात्याच्या टोकाच्या आणि वाऱ्याच्या वेगांच्या गुणोत्तराने गुणले की थेट शक्तीचा गुणांक मिळतो, म्हणजे मोमेंटमधली चूक सरळ विजेच्या आकड्यात उतरते. समजा ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या चक्कीत केंद्र वाऱ्याला आडव्या दिशेने ५ सेंटिमीटर चुकले आणि चक्कीवरच्या एकूण ओढीचा गुणांक १ आहे, तर मोमेंटचा गुणांक ०.१ ने चुकतो. चांगल्या सावोनियसचा सरासरी मोमेंटच ०.२ च्या आसपास असतो. चक्की कागदावर दीडपट कार्यक्षम होऊ शकते किंवा निम्मी.

धरणाचा दरवाजा मात्र या सगळ्यात मला सर्वांत सुंदर उदाहरण वाटतो. पावसाळ्यात कोयनेचे सहा वक्राकार दरवाजे इतके फूट उचलले, अशी बातमी महाराष्ट्रात दर वर्षी कानावर येते. हा दरवाजा म्हणजे पाण्याकडे फुगीर असा लोखंडी पत्र्याचा कमानीसारखा भाग. त्याला मागून भुजा जोडलेल्या असतात आणि त्या भुजा दोन बाजूंच्या खांबांत बसवलेल्या पिनांभोवती फिरतात. पिनेला ट्रनियन म्हणतात. कमान आखताना तिचा वर्तुळमध्य मुद्दाम पिनेवरच ठेवतात. म्हणजे पाणी दरवाज्याला कुठल्याही उंचीवर, कितीही जोराने दाबले तरी दाबाची दिशा पिनेतूनच जाते. पिनेभोवती पाण्याच्या दाबाचा मोमेंट शून्य. एवढे पाणी अडवूनही दरवाजा उचलणाऱ्या यंत्राला पाण्याशी झुंजावे लागत नाही. त्याला फक्त दरवाज्याचे वजन आणि घर्षण उचलायचे असते. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पाण्याच्या अशा प्रश्नांवर काम करते आणि धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती तिथे खऱ्या पाण्यावर तपासल्या जातात.

दरवाजा रुंद असल्यामुळे त्याच्या मधल्या उभ्या छेदाचे द्विमितीय सिम्युलेशन पुष्कळ काही सांगून जाते. आता केंद्र शून्य-शून्यवर, म्हणजे दरवाजा जिथे टेकतो त्या उंबऱ्यावर राहून गेले असे धरू. उंबऱ्यावर ८ मीटर पाणी असेल तर दर मीटर रुंदीला आडवे बल सुमारे ३१४ किलोन्यूटन होते. पिन उंबऱ्यापासून ५ मीटर उंच असेल तर केंद्र सरकवण्याच्या हिशेबात एकट्या आडव्या बलाचा वाटा १,५७० किलोन्यूटन-मीटर. हा आकडा घेऊन कोणी उचल-यंत्र निवडले तर ते राक्षसी आकाराचे निघेल. केंद्र पिनेवर नेले की दाबाचा वाटा जवळजवळ संपतो. उरतो तो दरवाज्याच्या खालच्या कडेचा, कारण ती कड काही वर्तुळावर नसते, आणि दरवाजा थोडा उघडल्यावर तिच्याखालून सुसाट सुटणारे पाणी तिला हलवू शकते. म्हणजे पिनेभोवतीचा मोमेंट हीच त्या कडेवर काय चालले आहे हे पाहायची सर्वांत स्वच्छ खिडकी.

दाब कशापासून मोजला, हेही इथे तपासावे लागते. पंखासारख्या बंद वस्तूभोवती सगळीकडे सारखा दाब वाढवला तर बल आणि मोमेंट दोन्हींत काही बदलत नाही, केंद्र कुठेही असो. दरवाजा बंद नाही. त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा आहे. सिम्युलेशनमध्ये फक्त पाण्याची बाजू असेल आणि दाब वातावरणाच्या वर किती असा न मोजता निरपेक्ष मोजला, तर दर चौरस मीटरला सुमारे १०१ किलोन्यूटन एवढे फुकटचे बल दरवाज्यावर चढते. पिनेभोवती हे फुकटचे बलही मोमेंट देत नाही आणि चूक दडून राहते. उंबऱ्याभोवती मोमेंट घेतला की ती तत्काळ दिसते. म्हणून मी अशा प्रश्नात दोन केंद्रांभोवती मोमेंट मागवतो, एक खरे आणि एक मुद्दाम दूरचे. दोहोंतला फरक एकूण बलाच्या घटकांशी वर सांगितलेल्या हिशेबाने जुळला पाहिजे, आणि ते एकूण बल पाण्याच्या खोलीवरून हाताने काढलेल्या बलाशी.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी केंद्राचे खाते आधीच शून्य भरून ठेवू नये, रिकामे ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. रिकामे असेल तर माणसाला विचार करावा लागेल. शून्य दिसले की ते कोणीतरी विचारपूर्वक भरले असावे असे वाटते.

पिनेभोवती दाबाचा मोमेंट शून्य आला म्हणजे पिनेभोवती मोमेंटच नाही, असे मात्र होत नाही. १७ जुलै १९९५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा ३ क्रमांकाचा वक्राकार दरवाजा उघडत असताना त्याची भुजा मोडली आणि जलाशयातले पाणी बेबंद सुटले. आराखडा करताना पिनेतल्या घर्षणाचा मोमेंट धरलेला नव्हता आणि वर्षानुवर्षे गंज चढून ते घर्षण वाढत गेले होते. पाण्याचे सगळे बल पिनेतून जाते म्हणूनच पिनेवर ते पूर्ण दाबून बसते, आणि दरवाजा फिरू लागला की पिनेच्या पृष्ठभागावर तेवढेच घासते. प्रवाहाच्या सिम्युलेशनला ही पिन ठाऊकच नसते. ते फक्त तिच्यावर येणारे बल देऊ शकते. १२ मीटर रुंद दरवाज्यावर वरच्याच उदाहरणातले आडवे बल धरले तर ते ३,७६८ किलोन्यूटन, सुमारे ३८४ टन वजनाइतके. घर्षणाचा गुणांक ०.२ आणि पिनेची त्रिज्या २० सेंटिमीटर घेतली, तर फिरणाऱ्या दरवाज्याला उलट ओढणारा मोमेंट येतो १५१ किलोन्यूटन-मीटर, आणि तो भुजांना वाकवत असतो. सिम्युलेशनच्या मोमेंटच्या रकान्यात शून्य दिसत असताना हा आकडा शेजारी हाताने लिहावा लागतो.